उतरण्याजोगा माळ

"एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं आहेच," मागच्या सीटवर पट्टा आवळत वासंतीने मनाला बजावलं. दोन इंजिनांचं विमान घ्यायचा हट्ट तिचाच होता. आज ट्रायल होती. घरचं एका इंजिनाचं विमान चालवताना नवरा सारखा खाली बघून पुटपुटायचा, "तो माळ बरा आहे... ते तळ्याकाठचं रान चालेल." इंजिन दगा देईल तेव्हा उतरायला जागा हेरून ठेवायची, ही त्याची जुनी सवय. तिला मात्र दर वेळी वाटायचं, आता इंजिन बंद पडणार.

आज तो खाली न बघता चक्क शीळ घालत होता.

डोंगर लागले तसे त्याच्या शेजारी बसलेले, ट्रायल द्यायला आलेले कॅप्टन म्हणाले, "समजा, डावं गेलं," आणि त्यांनी ते इंजिन मंद केलं. विमान डावीकडे कलंडू लागलं. नवरा गोंधळून काट्यांकडे बघत राहिला. शेवटी कॅप्टननीच सावरलं.

जमिनीवर उतरल्यावर कपाळ पुसत तो हसला. "होईल गं सवय. घेऊन टाकू ना?"

"नको," ती म्हणाली. "मघाशी माळ मी एकटीच शोधत होते."