सदऱ्याचं माप

मठाच्या घंटाघराची भिंत पुन्हा तडकली, तेव्हा गवंड्यांनी थाप्या खाली ठेवल्या.

"उस्ताद, सावली चिणल्याशिवाय ही उभी राहायची नाही," म्हातारा ओप्रा म्हणाला. "आमची मात्र नको."

वॉइकू उस्तादाला ते ठाऊकच होतं. सतराशे साल उलटल्यापासून डॅन्यूबकाठच्या वालाखियात पिळाच्या खांबांचे देखणे मठ उठत होते, आणि सावलीवाचून त्यातला एकही टिकला नाही, असं सगळे गवंडी मानत. माणसाच्या नकळत दोरीनं त्याची सावली मोजायची, ती दोरी भिंतीत चिणायची. इमारत टिकते, माणूस वर्षाच्या आत जातो. म्हणून तर हल्ली ऊन पडलं की गडी आडोसा धरत.

माणूस वॉइकूनं कधीच हेरून ठेवला होता. चितारी दोब्रेनं मठात संत पारास्किवा रंगवली आणि तिला चेहरा दिला वॉइकूच्या बायकोचा, स्टांकाचा. वॉइकूचं गावभर हसं झालं. तेव्हापासून त्याचा जीव जळत होता.

उतरत्या उन्हात दोब्रे दारावरची वेल रंगवत होता. वॉइकूनं मागून त्याच्या सावलीला ओळंब्याची दोरी लावली, चुन्यानं पांढरी पडलेली. डोक्यापाशी दुहेरी गाठ मारली आणि दोरी चामडी पिशवीत टाकली. मोजलेली दोरी पुन्हा उजेडात काढत नाहीत, पिशवीसकट चिणतात.

घरी जेवताना तो म्हणाला, "भिंत आता उभी राहील. सावली मिळाली."

स्टांकानं लापशी वाढली. कुणाची, ते विचारलं नाही.

सकाळी तिनं त्याला अंगणात थांबवलं. "नवा सदरा शिवतेय तुम्हाला. तोंड उन्हाकडे करा. हलू नका."

"आज बरी आठवण झाली माझी?"

"झाली खरी."

ती मागे दोरी घेऊन बराच वेळ घोटाळली. कितीतरी दिवसांनी तिचा हात अंगाला लागला, वॉइकूला बरं वाटलं. निघताना भाकरी आणि पिशवी तिनंच हातात दिली.

पिशवी चिणली. भिंत टिकली, घंटा चढली. दोब्रे भेटला की वॉइकू त्याच्या तब्येतीची चौकशी करी, अगदी मनापासून.

सणाच्या दिवशी स्टांकानं सदरा पुढे ठेवला. कोऱ्या पांढऱ्या कापडाचा, घडी घालून बांधलेला.

"हा रोज नाही घालायचा," ती म्हणाली. "जपून ठेवा, लागेल."

वॉइकू घडी सोडायला बसला. गाठ सुटेना. दोरीवर आणखी एक गाठ होती, दुहेरी, त्याच्याच हातची. दोरी चुन्यानं पांढरी पडलेली होती.