खोकल्याचं औषध

मेघाला पहिली मुलगी झाली, ते साल. बाळंतपण माहेरी, रोहण्याला झालं. निरोप त्याच दिवशी गेला, पण मुलगी म्हटल्यावर नदीपलीकडून, धामणगावहून, सासरचं कोणी फिरकलं नाही. बाराव्या दिवसाचं बारसं त्यांची वाट पाहत सव्वा महिन्यावर गेलं. शेवटी सासऱ्यांचा, वासुदेवरावांचा फोन आला. बारशाच्या आदल्या दिवशी पाचच्या बसनं येतो म्हणाले.

पाचच्या बसला मेघाची आई जिजाबाई रोजच हजर असायच्या. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, आणि पुलगावचा पूल ओलांडला की दुकानं राजरोस उघडी. म्हणून गावातल्या बाया संध्याकाळी थांब्यावर उभ्या राहून उतरणाऱ्या गड्यांच्या पिशव्या पाहत. नियम जिजाबाईंनीच घातला होता. ज्या बाईच्या घरचा माणूस सापडेल, त्याची बाटली तिनंच दगडावर फोडायची. आनंदाबाईंनी पोटच्या पोराची फोडली होती. मंजुषानं नवऱ्याची, निकेशची, दोनदा. पहिल्यांदा ती रडली, तेव्हा जिजाबाईंनी तिला समजावलं होतं, की लाज पिणाऱ्याला वाटली पाहिजे, आपल्याला नाही. त्यांच्यावर स्वतःवर ही पाळी कधी आली नव्हती. त्यांचे यजमान भैयाजी माळकरी.

बस आली. वासुदेवराव उतरले. जिजाबाई पदर सावरून पुढं होईपर्यंत मंजुषानं सवयीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि चेन उघडली. वर बाळाचं नवं झबलं होतं. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.

वासुदेवराव हसले.

"चोरीची नाई, बाई. पक्कं बिल हाय."

त्यांनी खिशातून बिल काढून सगळ्यांना दाखवलं. आमच्याकडे बंदी नाही, म्हणाले. नातीच्या आनंदात दोघं व्याही बसू, म्हणून आणली. नातीचा आनंद हे शब्द त्या घराकडून जिजाबाई सव्वा महिन्यात पहिल्यांदाच ऐकत होत्या.

मंजुषा बाटली हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिली. आनंदाबाई दगडापासून सरकल्या, जिजाबाईंना जागा करून दिली.

"ठेव ते," जिजाबाई म्हणाल्या. "त्यायले खोकला हाय. औषध हाय ते."

वासुदेवराव क्षणभर गोंधळले. मग हळूच खोकले.

मंजुषानं बाटली पुन्हा कागदात गुंडाळली, झबल्याखाली ठेवली आणि चेन लावून पिशवी परत दिली. तिनं मान वर केली तेव्हा बसच्या पायरीवर निकेश उभा होता. पुलगावला गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचा. त्याच्या डब्याच्या पिशवीतून पव्वा तिनंच काढला.

"काकू," निकेश जिजाबाईंना म्हणाला, "मले बी खोकला हाय ना जी."

कोणी हसलं नाही. मंजुषानं पव्वा दगडावर फोडला. या वेळी ती रडली नाही. काचा गोळा करायला नेहमी जिजाबाई वाकत. त्या दिवशी त्या व्याह्यांची पिशवी हातात घेऊन घराकडे निघाल्या.

घरी वासुदेवरावांनी नातीला मांडीवर घेतलं. तिच्या मुठीत आपलं बोट दिलं, नाक आमच्याकडचं आहे म्हणाले. पंधरा दिवसांत सुनेला न्यायला येतो, तिच्या सासूचं मी पाहून घेतो, असंही सांगितलं. मग त्यांनी ग्लास मागितला. भैयाजी उठून गोठ्यात गेले. ग्लास, पाणी आणि भाजलेले शेंगदाणे जिजाबाईंनीच नेऊन ठेवले. त्या परतल्या तर मेघा बाळाला घेऊन दारात उभी.

"माह्यासाठी केलं ना, आई?"

बाळाला आत घे, वारं लागेल, एवढंच जिजाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. बाया आल्या, पाळणा म्हटला, घुगऱ्या घेऊन गेल्या. मंजुषाही आली होती. तिनं बाळाच्या अंगावर टोपडं ठेवलं, जिजाबाईंच्या पाया पडली. थांब्याचं कोणी काही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

पाच वाजता जिजाबाई थांब्यावर गेल्या. दुसरं कोणी आलं नव्हतं. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. बस आली.

निकेश उतरला. नेहमी मान खाली घालून निघून जायला पाहायचा. आज तो स्वतःच त्यांच्यासमोर आला आणि पिशवी उघडून धरली.

"पाहा ना, काकू."

टोमणा नव्हता त्यात. जिजाबाईंनी हात पुढं केला, आणि मागं घेतला. आत पाहिलंही नाही.

"जाय घरी," त्या म्हणाल्या. "मंजुषा वाट पाहत असन."

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, पिशवी उघडी धरून. मग गेला.

त्या दिवसानंतर थांब्यावर कोणी उभं राहिलं नाही. पंधराव्या दिवशी मेघा सासरी गेली. निकेश पुढच्या साली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मेला. तेहेतीस वर्षांचा होता.