पंचविसाव्या मजल्यावरचं टेबल

"सू-फॉन, वर चल," कॅसिनोचे मॅनेजर चेओंगसाहेब म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावर पत्ते वाटणाऱ्या लाय-कुनचा जळफळाट झाला. या आठवड्यात ही तिसरी वेळ.

सू-फॉनने दोन्ही तळहात एकमेकांवर आपटले, उलटेसुलटे करून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवले. टेबल सोडताना सगळ्यांनाच दाखवावे लागतात. बघा, काही चोरलेलं नाही. मग ती लिफ्टकडे गेली. पंचविसाव्या मजल्यावर. तिथे पायाखाली जाड गालिचा असतो. तिथे मोठे पाहुणे खेळतात, आणि कोणी कानाशी किंचाळत नाही.

खाली मात्र बसमधून ओतलेली गर्दी. ऑक्टोबरच्या सुट्ट्या. पुलावरून बस, बंदरावरून फुकट बस, हॉटेलच्या दारातून फुकट बस. लोक येतात कारंजी बघायला, छपराखालचा खोटा कालवा बघायला, बदामाची बिस्किटं घ्यायला. पण कुठल्याही दारातून आत शिरा, वाट जुगाराच्या टेबलांपाशीच येते. ती तशीच बांधलेली आहे. लाय-कुन शाळेत होती तेव्हा इथे समुद्र होता. पर्यटक वाढत गेले, समुद्र बुजत गेला. आता कंपनीचा तिसरा मनोरा उभा राहत होता. मकावमध्ये पत्ते वाटायचं काम कायद्याने फक्त इथल्याच माणसाला मिळतं. भूमिपुत्रांचं संरक्षण म्हणे! भूमिपुत्रांना मिळाला तो हरलेल्या पाहुण्याच्या शिव्या खायचा परवाना.

त्या नव्या मनोऱ्यात सुपरवायझर नेमणार होते, आणि नेमणार होते ते वरच्या मजल्यावरच्या बायकांतून. लाय-कुनची नऊ वर्षं खालीच गेली होती. सू-फॉनची नोकरी तीन वर्षांची.

कॅन्टीनमध्ये लाय-कुनने पेजेचा वाडगा पुढे ओढला. सू-फॉन पलीकडे एकटीच जेवत होती.

"नवरा जाऊन आठ महिने नाही झाले, आणि ओठ बघ कसे रंगवलेत," लाय-कुन म्हणाली.

"लिपस्टिक लावावीच लागते की गं. नियमच आहे," मैत्रीण पुई-सान म्हणाली.

"आणि चेओंग तिलाच वर नेतो, तोही नियमच का? गालिचा झाडायला नेतो का तिला?"

पुई-सानला तोंडातला घास आवरेना. "अगं बाई! त्या टकल्याबरोबर?"

"मी काही म्हटलेलं नाही हं," लाय-कुन म्हणाली. एवढं पुरेसं होतं. दोन दिवसांत ते सगळ्या बायकांच्या तोंडी झालं. कोणी सू-फॉनच्या टेबलाशी जेवायला बसेना. तिच्या कपाटावर कोणीतरी टकल्या डोक्याचं चित्र काढून ठेवलं. लाय-कुनला गार वाटलं. पण वरचं बोलावणं सू-फॉनलाच येत राहिलं, आणि तो गारवाही टिकला नाही.

थंडी सरता सरता लाय-कुनची आई गेली.

ही गोष्ट तिने कामावर कोणाला सांगितली नाही. चिनी नवं वर्ष बारा दिवसांवर आलं होतं. सुतक वर्षभराचं. सुतकातल्या माणसाने सणाला दुसऱ्याचा उंबरा चढायचा नसतो, आणि त्याच्या ताटाशेजारी कोणी आपलं ताट मांडत नाही. तिने कारण लिहिलं ते फक्त रजेच्या अर्जावर, कारण त्याशिवाय रजा मिळत नाही. चेओंगसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"आईच ना? सख्खी?"

"हो."

"एकाच घरात राहत होता?"

"हो साहेब."

त्यांनी लगेच सही केली. माणूस वाटला होता तेवढा वाईट नाही, असं तिला वाटलं.

रजेवरून परतली त्याच दुपारी ते तिच्या टेबलाशी आले. "लाय-कुन, वर चल. लवकर. शेनयांगचा पाहुणा आहे, सकाळपासून जिंकतोच आहे."

तिने तळहात आपटले ते अख्ख्या हॉलला ऐकू जावेत असे. पुई-सान डोळे फाडून बघत राहिली. लिफ्टमध्ये चेओंगसाहेबांकडे पाठ करून लाय-कुन आरशात हसली. आईला पुरून नऊ दिवस झाले होते. लाज वाटली, पण हसू काही मावळलं नाही.

वर साहेब घाईने हॉलमध्ये शिरले. दाराबाहेर, गालिच्यावर, सू-फॉन उभी होती. तिला तिथून काढलं होतं. खाली पाठवत होते. या क्षणासाठी लाय-कुनने कितीतरी रात्री उशी चावली होती. तिला राहवलं नाही.

"झालं ना मिरवून, ताई? आता खालचीही हवा खा जरा."

सू-फॉन चिडली नाही. लाय-कुनच्या चेहऱ्याकडे ती नीट बघत राहिली. मग जवळ आली, तिचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "तुझ्याकडे कोण गेलं?"

लाय-कुनने हात सोडवून घेतला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?" सू-फॉन म्हणाली. "पाहुणा हरेना झाला, की हे लोक त्याच्यासमोर पांढऱ्या पायाची बाई आणून उभी करतात. माझ्या नवऱ्याला काल वर्ष झालं."