घंटीतली लोकर

"नवव्या प्रकरणापासून घंटी वाजत नाही. का?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

सुकेशनीची ही एम.ए.ची शेवटची तोंडी परीक्षा. तिच्या प्रकल्पाचा विषय होता, कादंबरीतल्या प्रतीकांतून आशय कसा उलगडतो. नेमलेली कादंबरी एका म्हाताऱ्या मेंढपाळाची. त्याच्या म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली घंटी पहिल्या पानापासून वाजत असते आणि मग अचानक वाजेनाशी होते. का, ते लेखक कुठंच सांगत नाही. म्हातारा मेल्यावर सून ती घंटी खुंटीला अडकवते, तेव्हा आतून लोकरीचा बोळा खाली पडतो, एवढंच.

शेजारच्या खुर्चीत तिच्या मार्गदर्शक मंजुषा मॅडम बसल्या होत्या. मॅडमच्या मते घंटी म्हणजे काळ, आणि कादंबरीचा आशय म्हणजे नियतीपुढं हतबल झालेला माणूस. वीस वर्षं त्या हेच शिकवत होत्या. बाजारातल्या गाइडांतही हेच छापलेलं होतं, तेव्हा ते चुकीचं असायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या खर्ड्यात सुकेशनीनं वेगळं लिहिलं होतं. कुणाच्या उभ्या पिकाच्या कडेनं कळप न्यायचा असला की मेंढपाळ घंटीत लोकर कोंबतो. मालकाला चाहूल लागू नये म्हणून. लहानपणी तिनं स्वतःच्या बोटांनी कोंबली होती. म्हणजे ही कादंबरी नियतीची नव्हती, भीतीची होती. मॅडमनी त्या परिच्छेदावर तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'घरगुती माहिती नको.' मॅडमच्या माहेरी पन्नास एकर जमीन होती. चाहूल लपवून जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

सुकेशनीनं तो परिच्छेद गाळला. शहराच्या छावणी भागातल्या एका ज्युनिअर कॉलेजात जूनपासून तासिकेवर मराठी शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि ते मॅडमच्या एका शब्दाचं काम होतं.

"घंटी हे काळाचं प्रतीक आहे, सर," ती म्हणाली. "ती थांबते, तिथं नियती सुरू होते."

"मग ही लोकर कशाला?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. लोकर वातावरणनिर्मितीसाठी आहे, असं सुकेशनीनं सांगून टाकलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. परीक्षकांनी नुसती मान हलवली. पाच मिनिटं बाहेर बसा, गुण ठरवून बोलावतो, म्हणाले.

व्हरांड्यातल्या बाकाच्या अगदी कडेला तिचे वडील बसले होते. सकाळच्या एसटीनं फुलंब्रीहून तिच्याबरोबर आले होते. शहागंजात लोकर कातरायच्या कातरीला धार लावून घेतली आणि तेव्हापासून इथंच होते. वहाणा काढून बाकाखाली सारलेल्या. डोकं उघडं. चारचौघांत तिनं त्यांचं डोकं उघडं कधी पाहिलं नव्हतं. डोक्याचा पटका मांडीवर होता आणि त्याच्यात काहीतरी गुंडाळून दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

"हे काय, आबा?"

"फोन हाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तुझी माय सारखी लावायली, पोरगी पास झाली का म्हनून. मला बंद करता येत नाय. सायेब लोकायला आवाज गेला तं उगं तुझ्यावर राग काढतील."

सुकेशनी त्या पटक्याकडे बघत राहिली. तिला रडू आलं, आणि राग त्याहून जास्त आला. कुणाचा, ते तिचं तिलाच नीट कळेना.

शिपायानं तिचं नाव पुकारलं.

तिनं पटका सोडला. तीन वेढे निघाले. फोन वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पटका त्यांच्या हातात दिला.

"डोक्याला बांधा, आबा," ती म्हणाली आणि आत गेली.

गुणपत्रक टेबलावर उघडं होतं. मॅडम हसत होत्या. परीक्षक सही करणार, तेवढ्यात ती उभ्यानंच बोलली.

"सर, लोकरीचं मी खोटं सांगितलं. घंटी म्हाताऱ्यानंच बंद केलीय. मालकाला ऐकू जाऊ नये म्हणून."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मॅडमचं हसू मावळलं. छावणीतलं कॉलेज सुकेशनीच्या डोळ्यांपुढून एकदा येऊन गेलं.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला, चांगला खणखणीत. मॅडमनी शिपायाला हाक मारली आणि कुणाचा आहे तो, आधी बंद करायला सांग, म्हणाल्या.

"वाजू द्या, मॅडम," सुकेशनी म्हणाली. "माझ्या वडिलांचा आहे."