अहो, उठा

आरोग्यकेंद्रातला जाड हातमोजा चढवून वत्सलाबाई माइकजवळ वाकल्या. "अहो, उठा बघू. टाका पाऊल."

दूर शहरातल्या रुग्णालयात, खाटेशेजारच्या गाड्यावर बसवलेल्या रबरी हातात त्यांची पकड उतरली. तिकडच्या बोटांनी ती धरल्याचं इकडे मोज्यात जाणवलं. औषधांना न जुमानणारे जंतू आल्यापासून लकव्याच्या वॉर्डात नातेवाइकांचे आवाज आणि हात तेवढे आत जायचे. आता मोज्याला चांगली ओढ बसत होती. म्हणजे हे चालायला लागले, वत्सलाबाई सुखावल्या.

तेवढ्यात स्पीकरवर सिस्टर चाचरत म्हणाली, "मावशी, गेल्या आठवड्यात फवारणीसाठी खाटा हलवल्या तेव्हा जोडणी चुकली. तुमचा हात आणि आवाज शेजारच्या आजोबांकडे जातोय. त्यांना कुणीच नाही."

"आणि आमचे हे?"

"ते उठतच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात."

उखाण्यापलीकडे नवऱ्याचं नाव वत्सलाबाईंच्या तोंडी कधी आलं नव्हतं. इथेही रोज नुसतं 'अहो' म्हटलं, आणि त्या हाकेवर एक परका माणूस उठून उभा राहिला.

"मोजा काढा मावशी, मी जोडणी बदलते."

त्यांनी हात ओढला. पलीकडची बोटं सुटेनात.

"अहो, सोडा ना," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

त्यांचा आवाज ऐकताच ती बोटं आणखी घट्ट झाली.