अर्धवट कामाची जागा

हरेश्वरने ‘प्रयोग’ नावाच्या फोल्डरवर बाण नेऊन ठेवला आणि ते उडवायचं का, यावर मत मागितलं. मतदार तीन. त्यातला एक तो.

आचोळ्यातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये हे तिघं रविवारी जमत. मराठी टंकलेखनाचं एक मोफत सॉफ्टवेअर ते मिळून बनवत होते. कोड सगळ्यांना खुला, इंटरनेटवर एका सामायिक ठिकाणी ठेवलेला. तिथे फोल्डर दोन. ‘मुख्य’मध्ये पूर्ण झालेलं, हरेश्वरने तपासलेलं. ‘प्रयोग’मध्ये ज्याला जे सुचेल ते. हरेश्वर सोसायटीचा सेक्रेटरी, जिन्यात कुणाची चप्पल दिसू न देणारा. ‘प्रयोग’ उघडलं की त्याला जिन्यात सायकली, पिंपं आणि मोडका पाळणा दिसे. अर्धवट कामं ज्याने त्याने आपल्या घरी ठेवावीत, असं त्याचं म्हणणं.

वसईहून येणाऱ्या व्हिन्सेंटला ते चाललं असतं. आपण तिथे काय टाकलंय, हे तो स्वतःच विसरला होता. ज्ञानदाला मात्र चालणार नव्हतं. शब्द अकारविल्हे लावून देणारा तिचा कोड वर्षभर ‘प्रयोग’मध्ये होता. कोण कुठले नागपूरचे, बेळगावचे लोक तो वापरून बघत आणि चुका कळवत. घरी नेला तर चुका काढायला उरणार ती एकटी, आणि आपल्या चुका आपल्याला दिसतात कुठे. हे तिने हळू आवाजात सांगितलं. हरेश्वरने सेक्रेटरीसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि जे करायचं होतं तेच केलं.

मात्र माणूस सावध. आधी फक्त आपल्या मशीनवरचं ‘प्रयोग’ काढून टाकलं आणि ‘मुख्य’ नव्याने चालवून बघितलं. ते मध्येच थांबलं. एक फाइल सापडत नव्हती. व्हिन्सेंटने वाकून वाचलं. फाइल ज्ञानदाची होती, ‘प्रयोग’मधली.

‘मुख्य’ने ‘प्रयोग’मधलं काही वापरायचं नाही, हा नियम हरेश्वरचा. ‘मुख्य’ला हात लावायची परवानगीही फक्त हरेश्वरला. चोर शोधायला कुणाला खुर्चीवरून उठावं लागलं नाही.

“चांगलं चालत होतं,” हरेश्वर स्क्रीनकडे बघत म्हणाला. “म्हणून जोडलं.”

“अरे, मग पास झालीस म्हणून तिला सांगायचं ना. ती वर्षभर परीक्षेलाच बसलीय,” व्हिन्सेंट म्हणाला.

हरेश्वरने मोठ्या मनाने ज्ञानदाचा कोड आजच, तिच्या नावासकट, ‘मुख्य’मध्ये आणायची तयारी दाखवली.

“नको, दादा. अजून चुकतो तो,” ज्ञानदा म्हणाली. “आणि तिथे गेला की तुम्ही मला हात लावू देणार नाही.”

हरेश्वरने आपल्या मशीनवर ‘प्रयोग’ परत आणलं. मग तिघांनी ‘प्रयोग’च आवरायला घेतलं. ज्याच्या त्याच्या नावाचं वेगळं फोल्डर. वर दोन ओळी: काय चालतं, काय चालत नाही. ‘मुख्य’ला काही हवं असेल तर ज्याचं त्याला विचारून प्रत घ्यायची. सोडून दिलेली कामं पुसायची नाहीत, एका बाजूला सरकवायची. व्हिन्सेंटने आपली सगळीच सरकवली, जराही दुःख न करता. हरेश्वर खुशीत आला होता; आवराआवरीत तो नेहमीच रमायचा.

“तुझ्या नावाचंही कर की एक,” व्हिन्सेंट म्हणाला.

आपलं अर्धवट काही नसतं, असं हरेश्वर म्हणाला. तरी रांग पूर्ण दिसावी म्हणून त्याने फोल्डर केलं. ते रिकामंच राहिलं. मग आपल्या मशीनच्या कुठल्याशा तळातून त्याने एक प्रोग्राम वर काढला आणि त्या फोल्डरात टाकला. मराठीत टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा. निदान तसा विचार होता.

“हसायचं नाही,” असं बजावून त्याने तो चालू केला.

स्पीकर खरखरला आणि सर्दी झालेल्या माणसासारखं काहीतरी बोलला. व्हिन्सेंट खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

ज्ञानदाने खुर्ची पुढे ओढली. “परत लावा,” ती म्हणाली.