कोवाच आजोबांचा हातोडा

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातलं घर विकून लेकीकडे निघालेल्या शेजारच्या कोवाच आजोबांनी गराजमधून जुना हातोडा काढून यतीनच्या मुलीच्या हातात दिला. “हंगेरीहून येताना पणजोबांनी हा एवढाच आणला. कोवाच म्हणजे लोहार, पोरी!” तिला तो पेलेना, म्हणून यतीनने घेतला. दांड्यावर अंगठ्याच्या घासण्याने खळगा पडला होता. यतीनचा अंगठा त्यात अचूक बसला. गावी त्याच्या आजोबांच्या हातोड्यालाही असाच खळगा होता, खंडेनवमीला त्यात हळदकुंकू साचायचं. पुण्यात बिऱ्हाड केल्यावर वडिलांनी ‘लोहार’ काढून ‘शिरगावकर’ आडनाव लावलं आणि आजोबा गेल्यावर हातोडा, ऐरण, भाता, सगळं भंगारात घातलं. “बाबा, शिरगावकरचं मीनिंग काय?” लेकीने विचारलं. एरवी ‘गावाचं नाव’ म्हणून तो मोकळा व्हायचा. आज हातोडा खाली ठेववेना. “आपणही कोवाचच, बाळा.” ती हरखून म्हणाली, “देन व्हेअर इज अवर हॅमर?”